दोऱ्याचा नंबर दोऱ्यापाशीच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीआधी घर कसं आवरावं यावर जो लेख आला, त्यातल्या भरतकामाच्या दोऱ्यांविषयीच्या परिच्छेदाबद्दल हे पत्र आहे. बाकीचा लेख चांगला होता. माळ्यावरचं सामान उतरवण्याची पद्धत मला पटली आणि आमच्या घरात तशीच केली. पण दोऱ्यांसाठी दिलेला सल्ला वाचून स्वस्थ बसवेना. लड्यांवरच्या कागदी पट्ट्या काढून टाका, एकेका रंगाच्या लड्या रबरबँडने बांधा, काचेच्या बरण्यांत भरा आणि बरण्या खिडकीत मांडा, खोलीला शोभा येईल, असं त्यात लिहिलं आहे. सोबतचा फोटोही तसाच आहे, आणि तो सुंदर आहे हे मान्य. पण या चारही गोष्टी दोऱ्याला मारक आहेत. आपला पेपर घरोघरी जातो, पुरवणी तर बायका जपून ठेवतात. कोणी त्याप्रमाणे करायच्या आत हे छापून यावं अशी इच्छा आहे.

मी निवृत्त होईपर्यंत सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. बेअरिंग, ओ-रिंग, नट-बोल्ट, कटिंग टूल, असा हजारो नगांचा माल. आमच्याकडे एकच नियम कडक होता: टॅग नाही तर माल रॅकमध्ये नाही. डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू नंबराने वेगळ्या असतात, आणि नंबर गेला की चांगली वस्तूसुद्धा भंगारात जाते. क्रॉस स्टिच मी शाळेत असल्यापासून करते. तेव्हा आम्ही दुसुतीवर फुल्यांचे टाके घालून तोरणं आणि उशांचे अभ्रे करायचो, मैत्रिणींच्या रुखवतात आमची चित्रं मांडलेली असायची. आता आयडा कापड मिळतं, त्यावर चौकोन तयारच असतात. कापड बदललं, नमुने बदलले, पण दोरा ठेवण्याचा प्रश्न तोच आहे, आणि त्याबद्दल मला जे काही कळतं ते बरंचसं स्टोअरमध्येच शिकले.

लडी हातात घेतली की तिच्यावर दोन कागदी पट्ट्या दिसतात. एकीवर कंपनीचं नाव, दुसरीवर रंगाचा नंबर. त्या पट्ट्या शोभेच्या नाहीत, तीच त्या दोऱ्याची ओळख आहे. अँकर आणि डीएमसी या भरतकामाचा दोरा बनवणाऱ्या दोन कंपन्या. अँकरचे रंग चारशेहून अधिक आहेत, डीएमसीचे ५००. यातला कुठलाही रंग डोळ्यांनी ओळखणं दुकानदारालासुद्धा जमत नाही. बोलताना आपण डाळिंबी म्हणतो, आमसुली म्हणतो, मोरपंखी म्हणतो, पण माझ्या मनातला डाळिंबी आणि दुकानदाराच्या मनातला डाळिंबी यांच्यात चार शेड बसतात. नंबर सांगितला की वाद संपतो.

नुसता नंबरही पुरत नाही, कंपनीचं नाव हवंच. डीएमसीचा ३१० म्हणजे काळा. अँकरचा ३१० मागितलात तर हातात तपकिरी लडी येईल. अँकरचा काळा ४०३ आहे. नमुना परदेशी असेल तर त्यात बहुधा डीएमसीचे नंबर असतात, आणि आपल्याकडे दुकानात सहज मिळतो तो अँकर. मग तक्ता पाहून एकाचा नंबर दुसऱ्यात बदलून घ्यावा लागतो. तक्त्यात दाखवलेले रंगसुद्धा दर वेळी तंतोतंत जुळत नाहीत, जवळचे असतात. म्हणून एकाच चित्रात एका रंगासाठी अर्धी लडी एका कंपनीची आणि अर्धी दुसऱ्या कंपनीची, असं कधी करू नये. पट्टी फेकून दिल्यावर मात्र ही काळजी घेणार कशी?

नंबर नसला की काय होतं ते सांगते. मागे एका प्रदर्शनातून मी विठ्ठलाचं किट घेतलं. कापड, सुई, छापील नमुना आणि एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात अडकवलेले दोरे. प्रत्येक भोकाशेजारी खूण होती: त्रिकोण, ठिपका, चौकट. नंबर कुठेच नाही, कंपनीचं नावही नाही. विठ्ठलाच्या मागची निळी प्रभावळ भरताना शेवटच्या काही ओळींना दोरा संपला. ते कापड घेऊन मी मेन रोडच्या दुकानात गेले. दुकानदार फार सज्जन. त्याने शेड कार्ड काढलं, ज्यात प्रत्येक रंगाचा खरा दोरा चिकटवलेला असतो ते, आणि म्हणाला, "काकू, आत ट्यूबलाइटखाली कळणार नाही, दारात या." दारात उजेडात उभं राहून आम्ही निळ्याच्या एकेका शेडशी कापड लावून पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "हा जवळचा आहे, हाच नाही." तोच घेतला. संध्याकाळी दिव्यात ती प्रभावळ एकसंध दिसते. सकाळी ऊन आलं की वरच्या चार ओळी हिरवट होतात. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले दोरे एका दिव्यात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, त्याला इलाज नाही. इलाज एकच होता, आणि तो किट बनवणाऱ्याच्या हातात होता: त्रिकोणाशेजारी कंपनीचं नाव आणि तीन आकडे छापणं. त्याला शाईसुद्धा जास्त लागली नसती.

किट विकणाऱ्या सगळ्यांना माझी आपल्यामार्फत विनंती आहे की हे करा. महिनोन् महिने डोळे लावून भरलेलं चित्र शेवटच्या वीतभर दोऱ्यासाठी अडतं, तेव्हा नव्याने शिकणारी मुलगी पुन्हा सुई हातात घेत नाही. मी हे आमच्या भिशीतल्या मुलींत पाहिलं आहे.

आता खिडकीतल्या बरण्यांविषयी. ऊन रंग खातं, हे नाशिककरांना सांगायला नको. गच्चीवर वाळत घातलेल्या साडीची घडी कुठे होती ते नंतर दिसतं. काचेतून ऊन येतच असतं, काच थोडंफार अडवते इतकंच. आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी असेच दोरे पश्चिमेच्या खिडकीत बरणीत ठेवले होते. एप्रिल-मे गेल्यावर त्यांनी राणी रंगाची लडी काढून माझ्यापुढे धरली. बाहेरून ती गुलकंदी फिकट होती. मी दोन बोटांनी वेटोळी फाकवली तर आत लख्ख राणी! एकाच पदराचा वीतभर भाग फिकट, पुढचा गडद, परत फिकट, असा तो दोरा झाला होता. त्याने पान भरलं असतं तर पानावर पट्टे उमटले असते. लडी नवीकोरी होती, सुईत एकदाही ओवली गेली नव्हती. दोरा मांडून ठेवायची हौस असेल तर जरूर मांडावा, पण उत्तरेच्या भिंतीला, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी, आणि शक्यतो दार असलेल्या कपाटात.

रबरबँडने लड्या बांधू नयेत. आपल्या उन्हाळ्यात रबर आधी चिकट होतं, मग कडक होऊन तुटतं, आणि त्याचे तुकडे दोऱ्याला धरून बसतात. ते सोलताना दोऱ्याची लव निघते. शिवाय रबरात गंधक असतं. जवळ जरीचा दोरा असेल, तोही चांदीचा, तर तो गंधकाने काळवंडतो. आपल्या जिल्ह्यात येवल्याची पैठणी विणली जाते, तेव्हा जरीचा काठ काळा पडण्याचं दुःख काय असतं ते इथल्या बायकांना ठाऊक आहे. जरीचे दोरे मी वेगळे, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवते. बांधायचंच असेल तर दोऱ्याचाच एक तुकडा घेऊन सैल गाठ मारावी.

तिसरा शत्रू ओल. नाशिकचा पावसाळा कोकणाइतका नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये कपाटं दमट होतातच, आणि इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांचं तर विचारायलाच नको. घट्ट झाकणाची बरणी पावसाळ्यात भरली तर ओल आतच कोंडते. बुरशीचे करडे ठिपके सुती दोऱ्यावर एकदा आले की धुऊन पूर्ण जात नाहीत. दोरे कोरड्या दिवसात भरावेत, डब्यात सिलिका जेलची नवी पुडी टाकावी (चपलांच्या खोक्यातली जुनी पुडी आधीच ओल पिऊन बसलेली असते), आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात डबे एखादा दिवस सावलीत उघडे ठेवावेत. लोखंडी डबे टाळावेत, गंजाचा डाग निघता निघत नाही. गोदाकाठी राहणाऱ्यांना एक वेगळं सांगणं: २००८ आणि २०१९ च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजार भागात पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर राहत असाल तर दोऱ्यांचा डबा पलंगाखाली नको, वरच्या फळीवर ठेवा.

किडीबद्दल बऱ्याच जणींचा गैरसमज आहे. लोकरीला आणि खऱ्या रेशमाला पतंगाची अळी लागते. आपण ज्याला सवयीने रेशीम म्हणतो ते क्रॉस स्टिचचं रेशीम म्हणजे कापूस आहे. १८४४ च्या सुमाराला जॉन मर्सर या इंग्रज माणसाच्या लक्षात आलं की कॉस्टिक सोड्यात कापसाचा तंतू फुगतो, मजबूत होतो आणि रंगही जास्त धरतो. त्याने १८५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने दोरा ताणून धरून हीच क्रिया केली आणि त्याला ती रेशमासारखी चमक आली. चपटा, पिळलेला तंतू गोल आणि गुळगुळीत होतो, म्हणून उजेड परतवतो. तेव्हा या दोऱ्याला पतंगाची अळी लागत नाही. कसर मात्र लागू शकते, कारण कसरीला कागद आणि खळ आवडते, आणि लडीची कागदी पट्टी हे तिचं आवडतं खाणं आहे. म्हणजे दोरा वाचतो आणि नंबर खाल्ला जातो! त्यासाठी डबा स्वच्छ आणि कोरडा असला की बहुतेक काम होतं. डांबरगोळ्या थेट दोऱ्यात टाकू नयेत, वास कापडात मुरतो आणि काही प्लास्टिकचे डबे त्यांनी मऊ पडतात. मी वाळवलेला कडुलिंब पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून डब्याच्या कोपऱ्यात ठेवते, पानांचा चुरा दोऱ्यात पडू नये म्हणून पुरचुंडी.

चमक गुळगुळीतपणातून येते, हे कळलं की आणखी एक गोष्ट आपोआप कळते. लांबच लांब दोरा ओवला की तो कापडाच्या भोकांतून पुन्हा पुन्हा घासला जातो आणि शेवटी लोकरीसारखा पिंजतो. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, एवढाच दोरा कापावा.

मग दोरा ठेवायचा कसा? माझी पद्धत सांगते. वेगळी पद्धत असणाऱ्यांनी जरूर लिहावं.

चपट्या बॉबिन मिळतात, प्लास्टिकच्या किंवा पुठ्ठ्याच्या, वर एक भोक आणि बाजूला दोरा अडकवायला खाच असलेल्या. मी प्लास्टिकच्या घेते, कारण पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो. लडीची पट्टी काढण्याआधी तिच्यावरचा नंबर आणि कंपनी वाचून बॉबिनच्या वरच्या भागावर लिहायची, काढल्यानंतर नाही. दोन लड्या एकदम उघडायच्या नाहीत. नंबर असलेला पट्टीचा तुकडा कापून, घडी करून बॉबिनवर ठेवायचा आणि त्यावरून दोरा गुंडाळायचा, म्हणजे वरचा आकडा पुसला तरी आत मूळ नंबर राहतो. स्टोअरमध्ये आम्ही खोक्याच्या बाहेर टॅग लावायचो आणि आत चिठ्ठीही टाकायचो, तीच ही सवय. ज्यांना बॉबिन परवडत नाहीत त्यांनी लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्याच्या चिप्स कराव्यात. छपाई नसलेली, कोरी बाजू असलेला भाग घ्यावा, सोनेरी शाई दोऱ्याला लागते.

गुंडाळण्यासाठी लडी उघडून दुसऱ्या कोणाच्या तरी दोन्ही मनगटांवर चढवावी. माझी नात हे काम आनंदाने करते, फक्त हात स्थिर ठेवायला तिला सारखं सांगावं लागतं. एकटीला करायचं असेल तर खुर्चीच्या पाठीला लडी अडकवावी. गुंडाळताना दोरा ओढायचा नाही. घट्ट गुंडाळलेल्या दोऱ्याला बॉबिनच्या कडेशी घड्या पडतात, आणि त्या भरताना फुलीत दिसतात. तशा पडल्याच तर ओवण्याआधी दोरा ओल्या स्पंजवरून एकदा ओढून वाळू द्यावा. हात धुतलेले आणि कोरडे हवेत. स्वयंपाकघरातून तसंच येऊन बसू नये. हळदीचा हात पांढऱ्या दोऱ्याला लागला की तो दोरा पांढरा राहत नाही.

ज्यांना गुंडाळायचा कंटाळा आहे त्यांनी लडी पट्ट्यांसकट तशीच ठेवावी, काही बिघडत नाही. एका टोकाने ओढलं की दोरा सरळ येतो, दुसऱ्या टोकाने ओढला की गुंता होतो. कुठलं टोक ते पहिल्यांदा हळूच ओढून पाहावं आणि पट्ट्या मात्र शेवटच्या वीतभर दोऱ्यापर्यंत काढू नयेत. छोट्या झिपच्या पिशवीत एकेक लडी घालून, पिशवीवर नंबर लिहून, सगळ्या एका मोठ्या कडीत ओवल्या तरी चालतं. पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवावं.

डब्यासाठी भरतकामाच्या सामानाच्या दुकानात जाण्याची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट ठेवायचा खणांचा पारदर्शक डबा मिळतो. जाताना एक बॉबिन सोबत न्यावी आणि ती खणात उभी बसते का, झाकण नीट लागतं का, ते तिथेच पाहून घ्यावं. दिवाळीत येणारे सुक्या मेव्याचे खणांचे डबेही चालतात, पण आतला तेलकटपणा आधी धुऊन पुसून टाकायचा.

या बॉबिन लावायच्या कशा क्रमाने, यावर आमच्या भिशीत दोन तट आहेत. काही जणी रंगाच्या क्रमाने लावतात, पिवळा, केशरी, लाल असं. डबा उघडला की डोळ्यांचं पारणं फिटतं, आणि नवं चित्र स्वतः रचायचं असेल तर ती पद्धत उपयोगाचीही आहे. मी मात्र नंबरानेच लावते. नमुन्यावर नंबर असतो, तो थेट खणात सापडतो. नंबर आणि रंग यांचा क्रम जुळत नाही: डीएमसीचा ३०९ गडद गुलाबी, ३१० काळा, ३११ गडद निळा. त्यामुळे रंगाने लावलेल्या डब्यात एक नंबर शोधायला पाच ठिकाणी पाहावं लागतं. दोन कंपन्यांचे दोरे असतील तर डबे दोन. एका खणात मिसळू नयेत.

डब्याबरोबर एक वही हवी. माझ्या वहीत चार रकाने आहेत: कंपनी, नंबर, शिल्लक लड्या आणि शेरा. मेन रोडला निघताना वही पिशवीत. मोबाइलमध्ये दोऱ्याचा फोटो काढून दुकानात दाखवू नये, पडद्यावरचा रंग खरा नसतो. नंबराचा फोटो काढला तर चालेल.

वहीमुळे हिशेबही करता येतो. लडीत ८ मीटर दोरा असतो आणि तो सहापदरी. १४ च्या आयडावर, म्हणजे एका इंचात १४ चौकोन असलेल्या कापडावर, आपण दोन पदर घेऊन भरतो. म्हणजे एका लडीतून कामाचा दोरा २४ मीटर निघतो. एक फुली पुढून-मागून मिळून साधारण ९ मिलिमीटर दोरा खाते. चौरस इंचात १९६ फुल्या, म्हणून पावणेदोन मीटर. कागदावर एका लडीत जवळपास १४ चौरस इंच भरून व्हायला हवेत. पण सुरुवातीची आणि शेवटची टोकं मागे दडपायची असतात, मध्ये थोडी उसवण होते, म्हणून मी दहा चौरस इंचच धरते. पार्श्वभूमी वीत बाय वीत असेल तर किती लड्या लागतील ते आता कोणीही काढू शकेल. त्या सगळ्या एकदम घ्याव्यात. एकाच नंबरच्या पण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लड्यांत बारीक फरक येऊ शकतो, आणि तो आकाशासारख्या मोकळ्या जागेत लगेच दिसतो. वेगळ्या वेळी आणलेली लडी वापरावीच लागली तर ती फुलापानांत वापरावी.

आता उरलेल्या पदरांचं. सहातले दोन काढले की चार उरतात. पदर सुटे करताना एकेक पदर वर ओढून काढावा; बाकीचे खाली गोळा होतात आणि मग आपोआप सरळ होतात. दोन-तीन एकदम ओढले की गाठ बसलीच. उरलेले चार पदर टाकून देऊ नयेत किंवा डब्याच्या तळाशीही सोडू नयेत. ते त्याच बॉबिनवर वरून गुंडाळावेत आणि पुढच्या वेळी आधी तेच वापरावेत. स्टोअरचाही हाच कायदा होता, आधी आलेला माल आधी बाहेर. जे फारच छोटे तुकडे आहेत ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात अडकवून शेजारी नंबर लिहावा. एखाद्या चित्रातल्या मोराच्या डोळ्याला चार फुल्या लागतात, त्यासाठी नवी लडी फोडायला नको.

हे सगळं एका बाईच्या एका डब्यापुरतं नाही, म्हणून वर्तमानपत्राला लिहिते आहे. प्रत्येक घरात अर्धवट लड्या पडलेल्या असतात. आमच्या भिशीत आम्ही एक सामायिक डबा ठेवला आहे. जिचा दोरा उरेल ती त्यात टाकते, जिला लागेल ती घेते. त्याला अट एकच, नंबर नसलेला दोरा डब्यात टाकायचा नाही. नंबर आहे म्हणून सिडकोत राहणाऱ्या मुलीची अर्धी लडी पंचवटीतल्या आजींचं तोरण पुरं करते. नंबर नसता तर तोच दोरा कचऱ्यात गेला असता. महिला मंडळांनी असा डबा ठेवावा. संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकच्या वाट्या देण्याऐवजी पाच कोऱ्या बॉबिनांची पुडी द्यायला काय हरकत आहे? मी या वर्षी तेच देणार आहे.

घरातली वयस्कर बाई गेली की तिच्या भरतकामाच्या पेटीचं काय करायचं हा प्रश्न घरोघरी येतो. आवराआवरीच्या लेखात "वर्षभर वापरलं नाही ते काढा" असं वाक्य होतं. ही पेटी कृपया त्या नियमात बसवू नका. आधी पट्ट्या असलेल्या लड्या वेगळ्या करा. त्या कोणालाही देता येतात. दोरा जुना असेल तर एक पदर दोन्ही हातांनी ओढून पाहा. पटकन तुटला तर तो भरायला नको, नाहीतर चित्र टिकणार नाही. लाल, राणी, काळा हे रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावेत, रंग उतरला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर वापरू नये. टिकाऊ निघतील ते शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला द्या. शिक्षिकांना विनंती की मुलांना पहिला टाका शिकवण्याआधी पट्टीवरचा नंबर वाचून वहीत लिहायला शिकवावं. पाच मिनिटांचं काम आहे.

मेन रोड आणि नाशिकरोडच्या दुकानदारांनाही एक सांगणं आहे. ट्रेमध्ये हाताळून लड्यांच्या पट्ट्या निसटतात, आणि मग त्या सुट्या लड्या अंदाजाने खणात टाकल्या जातात. त्या वेगळ्या काढून शेड कार्डाशी उजेडात लावून मगच खणात ठेवाव्यात. आणि शेड कार्ड काउंटरखाली न ठेवता दाराजवळ टांगावं, गिऱ्हाईक स्वतः उजेडात पाहील, तुमचाही वेळ वाचेल.

आपल्याकडे शेवटची विनंती. पुढच्या एखाद्या पुरवणीत नेहमीच्या वीस-पंचवीस रंगांचा अँकर आणि डीएमसी नंबरांचा छोटा तक्ता छापावा, शेजारी "शिल्लक" असा एक कोरा रकाना सोडावा. नंबर छापण्याआधी शेड कार्डाशी ताडून पाहावेत. लागलं तर मी कार्यालयात येऊन बसेन, माझ्याकडे दोन्ही कार्डं आहेत. तक्ता पानाच्या कडेला चौकटीत घ्यावा आणि मागच्या बाजूला जाहिरात येईल असं पाहावं, म्हणजे कात्रण काढताना कोणाचा लेख कापला जाणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक
इंदिरानगर, नाशिक